क्रीडा व्यवस्थापनाची परवडणारी पदवी कशी निवडावी

२००८ साली आयपीएल आणि २०१४ साली प्रो कबड्डी लीग व इंडियन सुपर लीग सुरू झाल्यापासून बारावीनंतर क्रीडा व्यवस्थापनाकडे वळू इच्छिणारी मुले-मुली वाढली आणि त्यांच्यासाठी अभ्यासक्रम चालवणाऱ्या संस्थाही वाढल्या. मात्र एकाच नावाच्या दोन अभ्यासक्रमांच्या शुल्कात कित्येक पटींचा फरक असू शकतो, आणि जास्त शुल्क म्हणजे जास्त चांगले शिक्षण असे या क्षेत्रात तरी ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून निवड करताना पदवी कोण देणार, खिशातून प्रत्यक्षात किती जाणार आणि शिकत असताना मैदानावर काम करायला मिळणार का, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने तसा खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच असतो. एखादी खासगी अकादमी ‘बीबीए क्रीडा व्यवस्थापन’ अशी जाहिरात करत असेल, तर गुणपत्रिकेवर कोणत्या विद्यापीठाचे नाव छापले जाईल हे लेखी मागावे आणि त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील संलग्न महाविद्यालयांच्या यादीत ती संस्था आहे का हे स्वतः पाहावे. परराज्यातील विद्यापीठाशी ‘टाय-अप’ आहे एवढे उत्तर पुरेसे समजू नये. पुढे स्पर्धा परीक्षा, एमबीए किंवा सरकारी नोकरीसाठी अर्ज करताना अमान्य पदवीचा काहीही उपयोग होत नाही, आणि वाया गेलेली तीन वर्षे कोणत्याही शुल्कापेक्षा महाग पडतात.

खर्चाचा विचार करताना प्रवेश कोणत्या मार्गाने होतो याला फार महत्त्व आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस यांसारखे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) व केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजेच कॅप फेऱ्या, सुरू झाल्या. अनेक पालकांना ही परीक्षा नसती कटकट वाटते, परंतु शिष्यवृत्तीचे दार बहुतांशी याच फेऱ्यांतून उघडते. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबातील खुल्या प्रवर्गाच्या विद्यार्थ्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाचे निम्मे शिक्षण शुल्क मिळते. त्याच उत्पन्नमर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्णपणे भरते. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशांना तसेच खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. त्यामुळे सीईटी न देता थेट प्रवेश देणारे महाविद्यालय सोयीचे वाटले, तरी ती सोय संपूर्ण शुल्काइतकी महाग पडू शकते. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो परिषदेच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. अशा ठिकाणी कोणती शिष्यवृत्ती लागू होईल हे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती अर्जांसाठीच्या महाडीबीटी संकेतस्थळावर महाविद्यालयाचे आणि अभ्यासक्रमाचे नाव शोधूनच ठरवावे.

यानंतर संपूर्ण अभ्यासक्रमाचा हिशेब कागदावर मांडावा. त्यात शिक्षण शुल्काबरोबरच विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत रक्कम, वसतिगृह, मेस आणि प्रवास यांचा समावेश असावा. ‘औद्योगिक भेट’ किंवा ‘परदेश दौरा’ या नावाखाली वेगळी आकारणी होते का, हेही विचारावे. पुण्या-मुंबईत राहण्याचा खर्च कधी कधी शुल्कापेक्षा जास्त होतो, ही गोष्ट माहितीपुस्तिकेत कुठेच छापलेली नसते.

कर्ज घ्यायचे असेल तर अधिक सावध राहावे. १० लाख रुपयांचे कर्ज १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे, तर दरमहा सुमारे १३,२०० रुपयांचा हप्ता येतो. ३ लाखांच्या कर्जासाठी तोच हप्ता ४,००० रुपयांच्या आत राहतो. या क्षेत्रातील सुरुवातीची बरीच कामे हंगामी असतात. लीग दोन-तीन महिने चालते आणि ती संपली की कंत्राटही संपते, हप्ता मात्र बारा महिने चालू राहतो. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे, पण ती शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीवरून निवडलेल्या संस्थांपुरतीच आहे. आपली संस्था त्या यादीत आहे का, हे अर्ज करण्यापूर्वी पाहावे.

या सर्व कारणांमुळे, मध्यम किंवा कमी उत्पन्नाच्या घरातील विद्यार्थ्याने पदवी आपल्याच जिल्ह्यातील अनुदानित महाविद्यालयातून वाणिज्य किंवा व्यवस्थापन विषयात घ्यावी आणि क्रीडा व्यवस्थापनाचे विशेष शिक्षण पदव्युत्तर पातळीवर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जमाखर्च, करार, विपणन आणि मनुष्यबळ हाताळणे ही या व्यवसायाची मूळ कौशल्ये कोणत्याही चांगल्या व्यवस्थापन पदवीत शिकवली जातात, आणि खेळाच्या क्षेत्रात जम बसला नाही तरी ती पदवी इतरत्र उपयोगी पडते. पदव्युत्तर टप्प्यावर खासगी संस्थांबरोबर सार्वजनिक पर्यायही तपासावेत. चेन्नईचे तमिळनाडू शारीरिक शिक्षण व क्रीडा विद्यापीठ आणि कोलकात्याची भारतीय समाजकल्याण व व्यवसाय व्यवस्थापन संस्था येथे क्रीडा व्यवस्थापन शिकवले जाते. मात्र त्या वर्षी प्रवेश सुरू आहेत का, याची आधी चौकशी करावी.

शिकण्याचा खरा भाग वर्गाबाहेर घडतो आणि तो जवळजवळ विनामूल्य आहे. थंडीच्या दिवसांत तालुक्या-तालुक्यांत कबड्डी, खो-खो आणि कुस्तीच्या स्पर्धा भरतात. जिल्हा संघटनेकडे किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन स्वयंसेवक म्हणून नाव द्यावे. गुणलेखन, संघांची निवास-भोजन व्यवस्था, मैदानाची आखणी, पंचांचे मानधन आणि स्थानिक प्रायोजकाकडून देणगी मिळवणे, यांतले एकेक काम दर हंगामात अंगावर घ्यावे आणि आयोजकांकडून अनुभवाचे पत्र घ्यावे. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतही अशी संधी मिळते. महाविद्यालय निवडताना तेथील क्रीडा संचालकांना प्रत्यक्ष भेटून, विद्यार्थ्यांवर अशी कामे सोपवली जातात का, हे विचारावे. प्लेसमेंटचे आकडे दाखवले गेले, तर किती विद्यार्थ्यांना कायम नोकरी लागली आणि किती जणांना फक्त हंगामी काम मिळाले, हे वेगवेगळे मागावे. शक्य झाल्यास मागील वर्षीच्या दोन-तीन माजी विद्यार्थ्यांशी बोलावे.

कागदपत्रांची तयारी बारावीच्या परीक्षेआधीच सुरू करावी. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रिमीलेअर आणि जातवैधता प्रमाणपत्र यांना वेळ लागतो. सीईटीची नोंदणी बारावीच्या निकालापूर्वीच होत असल्याने तिच्या तारखांवर हिवाळ्यापासूनच लक्ष ठेवावे. शिष्यवृत्ती थेट खात्यात येण्यासाठी विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हेही त्याच वेळी बँकेत जाऊन पाहून घ्यावे.