मॉड्यूल फुटतं की नाही, हे कागदावर कसं तपासायचं

मॉड्यूल अविघटनीय (दोन शून्येतर उपमॉड्यूलच्या सरळ बेरजेत न फुटणारं) आहे हे दाखवायचं म्हटलं की बरेच विद्यार्थी उपमॉड्यूल शोधायला लागतात. त्यातून फारसं हाती लागत नाही. उपमॉड्यूल सापडलं तरी त्याचं पूरक उपमॉड्यूल सापडेलच असं नाही, आणि पूरक नसेल तर मॉड्यूल फुटत नाही. त्यापेक्षा एंडोमॉर्फिझमची (मॉड्यूलमधून त्याच मॉड्यूलमध्ये जाणाऱ्या, त्याची रचना राखणाऱ्या प्रतिचित्रणांची) रिंग काढा. शून्येतर मॉड्यूलच्या या रिंगमध्ये ० आणि १ सोडून दुसरा आयडेम्पोटंट (वर्ग केला तरी तोच राहणारा घटक) नसेल, तर मॉड्यूल अविघटनीय.

एक क्विव्हर (शिरोबिंदू आणि त्यांना जोडणारे बाण यांची आकृती) घेऊ. शिरोबिंदूंना सदिश अवकाश आणि बाणांना मॅट्रिक्स दिली की त्यावरचं मॉड्यूल तयार होतं. शिरोबिंदूंना नावं गोव्यातलीच देऊ: म्हापसा, मडगाव आणि फोंडा, तिन्हीकडून पणजीला एकेक बाण. तीन टोकांना १ मितीचा अवकाश, पणजीला २ मितींचा. बाणांवर अनुक्रमे (१,०), (०,१), (१,१) हे स्तंभ.

आता टोकांना अज्ञात संख्या क, ख, ग लिहा आणि पणजीला २×२ मॅट्रिक्स. प्रत्येक बाणामागे एक अट मांडा: टोकाची संख्या लावून बाणाने जा, किंवा बाणाने जाऊन मॅट्रिक्स लावा, उत्तर एकच यायला हवं. पहिल्या दोन अटींनी मॅट्रिक्सच्या कर्णावर क, ख येतात, बाकी शून्य. तिसरीतून (क,ख) = (ग,ग). म्हणजे तिन्ही समान. रिंगमध्ये नुसत्या संख्या उरल्या. अविघटनीय.

फोंड्याचा स्तंभ बदलून (१,०) करा. तिसरी अट आता फक्त ग = क एवढंच सांगते, ख मोकळा सुटतो. क = १, ख = ० ठेवलं की आयडेम्पोटंट मिळाला. एका तुकड्यात म्हापसा, फोंडा आणि पणजीची एक मिती. दुसऱ्यात मडगाव आणि उरलेली मिती.

सगळ्यात जास्त गोंधळ नुसत्या मितींवरून उत्तर काढताना होतो. मितींच्या वर्गांची बेरीज, वजा प्रत्येक बाणाच्या दोन टोकांच्या मितींचा गुणाकार: १+१+१+४−६ = १. गॅब्रिएलच्या १९७२ च्या प्रमेयानुसार मधल्या बिंदूला तीन टोकं जोडलेल्या या डी-४ आकृतीवर १२ अविघटनीय मॉड्यूल आहेत, आणि उत्तर १ आलेल्या प्रत्येक मितीसंचाला नेमकं एक. पण वरच्या दोन्ही मॉड्यूलचा मितीसंच एकच होता! असं मॉड्यूल आहे एवढंच हा आकडा सांगतो. तुमच्या वहीतलं तेच का, ते अटी सोडवूनच कळतं.

वास्को हा चौथा शिरोबिंदू (१ मिती, पणजीला एक बाण) जोडला की तोच आकडा ४+४−८ = ०. चौथा स्तंभ (१,ल) घ्या, ल ० किंवा १ नको. प्रत्येक ल साठी वेगळं अविघटनीय मॉड्यूल. फील्ड (ज्यातल्या संख्या आपण वापरतो तो संच) अनंत असेल तर यादी संपत नाही.

रिंगची मिती १ पेक्षा जास्त आली म्हणून मॉड्यूल फुटलं असंही लिहू नका. दोन शिरोबिंदू, दोन समांतर बाण, दोन्हीकडे २ मिती. एका बाणावर एकक मॅट्रिक्स, दुसऱ्यावर २×२ जॉर्डन ब्लॉक (कर्णावर एकच संख्या, कर्णाच्या वर १, खाली ०). रिंगची मिती २, तरी आयडेम्पोटंट ० आणि १ हेच.

जॉर्डन ब्लॉकच्या जागी ९० अंशांच्या भ्रमणाचं मॅट्रिक्स ठेवलं तर वास्तव संख्यांवर मॉड्यूल अखंड राहतं, संमिश्र संख्यांवर त्याचे दोन तुकडे होतात. म्हणून उत्तरात फील्ड लिहाच. ‘गॅप’ या बीजगणिताच्या संगणक प्रणालीतलं, क्विव्हरसाठीचं क्यूपीए पॅकेज वापरतानाही हे लक्षात ठेवा: हेच मॉड्यूल ३ घटकांच्या फील्डवर अविघटनीय आहे, ९ घटकांच्या फील्डवर फुटतं. शिवाय ते पॅकेज उजवी मॉड्यूल वापरतं, त्यामुळे आपले स्तंभ तिथे ओळी म्हणून भरावे लागतात.