परड्याचं कुंपण: खांब आणण्याआधी मसावि काढा

कुंपणाला खांब किती लागतील असं कुणी विचारलं, की मी आधी बाजूंची मापं मागतो. आमच्या गुहागरकडे जागा जांभ्याची. कातळात पहारेने मारलेला खड्डा वीतभर सरकवायचा म्हणजे नवाच मारायचा. म्हणून हिशेब आधी.

परवाचं परडं ५२ फूट ६ इंच बाय ३७ फूट ६ इंच. बरोबरचा पोरगा म्हणाला, "काका, आठ-आठ फुटांवर मारत जाऊ." तसं केलं तर लांब बाजूला सहा गाळे, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा, होऊन साडेचार फूट उरतात, आखूड बाजूला चार होऊन साडेपाच. प्रत्येक बाजूला एक गाळा तोकडा.

चारही कोपऱ्यांत खांब आणि सगळे गाळे सारखे हवेत, तर दोन्ही बाजूंना नि:शेष भाग जाईल असं अंतर शोधायचं. त्यातलं सर्वांत मोठं तो मसावि, म्हणजे महत्तम साधारण विभाजक. त्यावर खांब कमीत कमी लागतात.

मापं इंचांत करा. इंच सोडून ५२ आणि ३७ धरलेत तर मसावि १ येतो, म्हणजे फुटाफुटावर खांब! इंचांत ६३० आणि ४५०. मोठ्यातून लहान वजा केलं, उरले १८०. ४५० मधून १८० दोनदा गेले, उरले ९०. १८० मध्ये ९० बरोबर दोनदा बसतात, बाकी शून्य. मसावि ९० इंच, म्हणजे साडेसात फूट. ही युक्लिडची रीत, सुमारे २३०० वर्षांपूर्वीची. बाजूंएवढ्या दोन सुतळ्या घेऊन अशाच कापत गेलात तर पोरांनाही ती डोळ्यांनी दिसते. खांबांची आखणी मात्र टेपनेच करा, सुतळी ताणते.

लांब बाजूला ७ गाळे, आखूड बाजूला ५. चारी बाजू मिळून २४, आणि खांबही २४च. सरळ रांगेत एक खांब जास्त लागतो. बंद चौकोनात नाही, कारण कोपऱ्याचा खांब दोन्ही बाजूंना चालतो.

मसावि १८ फूट आला तर तार लोंबेल. त्याचा विभाजक घ्या, ९ किंवा ६. उलट लांब बाजू ५२ फूट ८ इंच असती, तर मसावि जेमतेम २ इंच आला असता. तेव्हा दोरी दोन इंच आत घ्यायची, आपल्याच जागेत.

बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, एका गाळ्यातच बसवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे खांब जाड घ्या.