मालवाहू व्हॅन निवडताना: पासिंग, डबा आणि ॲक्सलचा हिशोब

८० जीएसएमच्या ए-फोर कागदाचं एक रीम अडीच किलोचं, पाच रिमांचा खोका साडेबारा किलोचा. एक टन कागद म्हणजे असे ८० खोके. १० घनमीटरच्या व्हॅनमध्ये ते मांडले तर तळावर जेमतेम एक थर होतो. वर दीड मीटरपेक्षा जास्त जागा रिकामी राहते, आणि तरीही एक टन पेलोडची, म्हणजे जास्तीत जास्त एक टन माल नेऊ शकणारी गाडी वजनाने भरलेली असते. त्याच गाडीत थर्माकोल भरला तर छताला टेकेपर्यंत भरूनही दोनशे-तीनशे किलोच्या वर जात नाही.

म्हणून आपला माल गाडी आधी वजनाने भरतो की आधी जागेने, हे सगळ्यात आधी ठरवायचं. त्यासाठी सरासरी दिवस धरू नका, सगळ्यात जड फेरीचा दिवस धरा. त्या दिवसाच्या मालाचं एकूण वजन काढा, खोक्यांची मापं घेऊन घनमीटर काढा आणि वजनाला घनमीटरने भागा. मग गाडीच्या पेलोडला तिच्या डब्याच्या घनमीटरने भागा. १००० किलो आणि १० घनमीटरची गाडी असेल तर उत्तर येतं घनमीटरला १०० किलो. तुमचा आकडा यापेक्षा बराच वर असेल तर मोठ्या डब्यावर पैसे घालवू नका, पेलोड शोधा. बराच खाली असेल तर उंच छताची, लांब डब्याची गाडी घ्या. छापील घनमीटर मात्र पूर्ण कधीच वापरता येत नाहीत. चाकांचे उंचवटे, खोक्यांमधल्या फटी, दारापाशी माणूस उभा राहायची जागा हे सगळं वजा करून तीन चतुर्थांश धरलेले बरे.

कुरिअरच्या कामात भाडं बहुधा आकारमानाच्या वजनावर लागतं: सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५०००. हा हिशोब घनमीटरला २०० किलो धरतो. प्रत्यक्षातली पार्सलं बहुतेक वेळा याहून हलकी असतात, त्यामुळे या धंद्यात पेलोडपेक्षा डबाच आधी कमी पडतो.

पत्रकातला पेलोड आणि हातात येणारा पेलोड

सूत्र सोपं आहे: पासिंगचं एकूण वजन (मालासकट गाडीला कागदोपत्री मंजूर असलेलं जास्तीत जास्त वजन) वजा रिकाम्या गाडीचं वजन. गोंधळ होतो तो रिकामी गाडी म्हणजे काय यावरून. युरोपातल्या मोजणीत चालू स्थितीतल्या गाडीच्या वजनात ७५ किलोचा ड्रायव्हर आणि ९० टक्के भरलेली टाकी धरलेली असते. इतर ठिकाणी बहुधा ड्रायव्हर धरत नाहीत, आणि इंधन कधी धरतात, कधी नाही. डिझेल लिटरमागे सुमारे ८४० ग्रॅम भरतं, म्हणजे ८० लिटरची टाकी एकटीच ६७ किलो. आकडा कशासकट आहे हे विक्रेत्याला थेट विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

उदाहरणासाठी ३५०० किलो पासिंगची, रिकामी २१०० किलोची गाडी घेऊ. टाकी भरलेली आहे, ड्रायव्हर धरलेला नाही. पत्रकात पेलोड १४०० किलो दिसेल. त्यातून ड्रायव्हर आणि हेल्पर मिळून १५० किलो गेले. आतून ९ मिलिमीटरचा प्लाय मारला तर चौरस मीटरला साडेपाच-सहा किलो, म्हणजे तळ आणि भिंती धरून २० चौरस मीटरला ११५ किलोच्या आसपास. मागे मालाची लिफ्ट बसवली तर हलक्यातली हलकीही शंभर-दीडशे किलो घेते, १५० धरू. छतावरचा कॅरियर, ट्रॉली, पट्टे, हत्यारं यांचे ८५. मालासाठी उरले ९००. पाचशे किलो कुठे गेले हे पुढे काट्यावर कळण्यापेक्षा खरेदीआधी कागदावर कळलेलं परवडतं.

बॅटरीवरच्या व्हॅनमध्ये हीच वजाबाकी आणखी कडक होते, कारण पासिंग तेवढंच असतं आणि बॅटरीचं वजन पेलोडमधून जातं. सीएनजीच्या लोखंडी टाक्यांचंही तसंच. मूळ गाडीवर मागाहून किट बसवलेलं असेल तर जुना पेलोडचा आकडा विसरा आणि गाडी नव्याने काट्यावर घाला.

डबा मोजताना

लांबी दोन ठिकाणी मोजा: तळाशी आणि छातीच्या उंचीवर. ड्रायव्हरमागची भिंत तिरपी किंवा फुगीर असते, आणि तळाशी मिळालेले दहा-पंधरा सेंटिमीटर वर मिळत नाहीत. उंच कपाटं, फ्रिज, रचलेली पॅलेटं (माल रचायच्या लाकडी चौकटी) नेणाऱ्याला वरचंच माप लागू.

रुंदी मोजायची ती चाकांच्या उंचवट्यांमध्ये. १२०० बाय ८०० मिलिमीटरची दोन पॅलेटं शेजारी शेजारी लांबीच्या दिशेने ठेवायला १६०० मिलिमीटर लागतात, आणि एवढं माप मोठ्या व्हॅनमध्येही क्वचितच मिळतं. मग पॅलेट आडवं ठेवतात, १२०० ची बाजू रुंदीत आणि ८०० ची लांबीत. ३१०० मिलिमीटरच्या तळावर अशी तीन बसतात, ३७०० वर चार. उंचवट्यांमधलं अंतर १२२० असेल तर कागदावर पॅलेट बसतं, पण फळी थोडी फुगलेली किंवा खिळा बाहेर आलेला असला की अडकतं. १२५० च्या खाली जाऊ नका. तुमच्याकडे १२०० बाय १००० ची पॅलेटं येत असतील तर ३१०० मध्ये तीनच, तीही पुढची भिंत सरळ असेल तर.

दाराची उघडी चौकट वेगळी मोजा. ती आतल्या उंचीपेक्षा नेहमीच कमी असते. बाजूच्या सरकत्या दारातून फोर्कलिफ्टने १२०० च्या बाजूने पॅलेट घालायचं असेल तर तिथेही १२५० तरी हवेत. मागची दारं १८० अंशात उघडतात की २७०, हे अरुंद गल्लीत किंवा धक्क्याला गाडी लावताना महत्त्वाचं ठरतं.

पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीचा तळ खाली असतो, कारण मागच्या चाकांना ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, खालून जात नाही. हाताने माल चढवणाऱ्यांची कंबर वाचते. पण मागे जड माल भरून चढावर निघालात की पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरतात. घाटातला किंवा कच्च्या रस्त्यावरचा जड माल असेल तर मागच्या चाकांना ओढ असलेलीच घ्यावी, तळ थोडा उंच असला तरी.

एकूण वजन बसतं, ॲक्सल बसत नाही

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. गाडीवर कंपनीने लावलेल्या वजनाच्या पाटीवर एकूण वजनाशिवाय पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची (चाकांची जोडी धरणाऱ्या आसाची) मर्यादा वेगळी लिहिलेली असते, आणि तिन्ही आकडे एकाच वेळी पाळावे लागतात.

वरचीच गाडी घेऊ, पण आतलं काम न केलेली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर, ३६०० मिलिमीटर. मर्यादा पुढे १८५० किलो, मागे २०००. रिकामी असताना पुढे १२५०, मागे ८५०. दोन माणसांच्या १५० किलोपैकी पुढे १०४ आणि मागे ४६ जातात. आता ११०० किलो माल भरायचा आहे.

मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ३०० मिलिमीटर पुढे आला तर पुढे ११०० गुणिले ३०० भागिले ३६००, म्हणजे ९२ किलो जातात आणि उरलेले १००८ मागे. मागचा ॲक्सल १९०४ किलो. चालतं. तोच माल अर्धा मीटर मागे सरकला, म्हणजे मध्य ॲक्सलच्या २०० मिलिमीटर मागे गेला, की मागे ११६१ किलो पडतात आणि पुढचा ॲक्सल उलट ६१ किलोंनी हलका होतो. मागचा झाला २०५७. गाडीचं एकूण वजन दोन्ही वेळा ३३५० च आहे, पासिंगपेक्षा दीडशे किलो कमी, तरी दुसऱ्या वेळी गाडी ओव्हरलोड आहे.

म्हणून दोन गाड्यांचा डबा सारखाच लांब असेल तर जास्त व्हीलबेसची घ्या. मागच्या चाकांपलीकडे लांब शेपूट काढून डबा वाढवलेली गाडी फक्त हलक्या, फुगीर मालाला ठीक. जड माल पुढच्या भिंतीला लावून भरा. वाटेत बाजूच्या दारातून पुढचा माल आधी उतरवत गेलात तर उरलेलं वजन शेपटाकडे राहतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. उतरवायचा क्रम भरतानाच ठरवा.

टायरही इथेच तपासा. बाजूवर १०९ असा भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा ठरलेला क्रमांक) असेल तर एका टायरला १०३० किलो, दोन मिळून २०६०. २००० च्या ॲक्सलला पुरतं. कोणी स्वस्तात १०२ चे टायर घातले असतील तर ८५० चे दोन, म्हणजे १७००. ॲक्सल कितीही भक्कम असो, मर्यादा टायरची.

नियमांच्या पायऱ्या

वजनाच्या काही रेषा अशा आहेत की त्या ओलांडल्या की परवाना, कागद आणि कामाचे तास सगळंच बदलतं. युरोपात साध्या बी परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. पर्यायी इंधनाच्या मालवाहू गाडीसाठी ४२५० पर्यंत सूट देण्याची मुभा २०१८ च्या निर्देशाने सदस्य देशांना दिली. आंतरराष्ट्रीय मालवाहतूक करणाऱ्या २५०० किलोंवरच्या व्हॅनना १ जुलै २०२६ पासून टॅकोग्राफ, म्हणजे गाडी चालवल्याचे तास नोंदणारं यंत्र, लागू होतो. भारतात मोटार वाहन कायद्याप्रमाणे ३००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही आणि हलक्या वाहनाची रेषा ७५०० किलोवर आहे. त्या आतली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

या सगळ्यात मोजलं जातं ते पासिंगचं वजन. त्या दिवशी गाडीत काहीच नसलं तरी. म्हणूनच रेषेच्या जरा वरची गाडी घेण्याआधी थांबा: तीनशे किलो जास्त मिळतात, पण रोज वेगळा ड्रायव्हर आणि वेगळे कागद लागतात.

जुनी गाडी घेताना

मागच्या स्प्रिंगचे पाटे मोजा. जास्तीचा पाटा घातलेला दिसला तर ती गाडी ओव्हरलोड चालली आहे, असंच धरून चासी आणि ब्रेक बघा. पाटे वाढवून गाडी बसत नाही एवढंच, पासिंग तेवढंच राहतं. पाटीवरचे आकडे आरसीशी जुळतात का ते पाहा.

मग टाकी भरून गाडी वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. काटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता एका पातळीत हवा, हँडब्रेक सोडलेला हवा, नाहीतर ॲक्सलचे आकडे चुकतात. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाशी काट्याच्या एखाद-दोन घरांच्या फरकाने जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर गाडी उलट तोंडाने चढवून पुन्हा घ्या. ती पावती गाडीच्या कागदांत ठेवा. लिफ्ट, कॅरियर, प्लाय असं काहीही नवं बसवलं की पुन्हा काटा करा आणि जुनी पावती काढून नवी ठेवा.