कुत्र्याची जुनी खाज: किनारपट्टीवर ती आटोक्यात कशी ठेवावी

पंजे चाटून लाल होतात, कान सतत हलतात, पोटावर चट्टे येतात. औषधाने आठवडाभर बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. अशी खाज बहुतेक वेळा अ‍ॅलर्जीची असते. ती मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहते. त्यासाठी कारणं एकेक करून, ठरलेल्या क्रमाने बाजूला काढावी लागतात. घाईने घेतलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने खाज थांबते, पण कारण झाकलं जातं.

आधी एक कळकळीची विनंती. होडीचं किंवा रिक्षाचं जळकं ऑइल, रॉकेल, फिनेल, डेटॉल यातलं काहीही कुत्र्याच्या अंगाला लावू नका. कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जातं.

पहिली पायरी: लूत नाही ना, ते बघा. लूत किड्यांमुळे होते आणि तिचे उपचार वेगळे असतात. जनावरांचे डॉक्टर कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. घरातल्या माणसांनाही खाजरे पुरळ आले असतील तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, कारण लुतेचा एक प्रकार माणसालाही त्रास देतो.

दुसरी पायरी: पिसवा. खाज शेपटीच्या मुळाशी आणि मागच्या मांड्यांवर जास्त असेल तर पहिला संशय पिसवांवर घ्या. ज्या कुत्र्याला त्यांच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते, त्याला मोजके चावेही पुरतात. त्यामुळे अंगावर पिसू दिसली नाही म्हणजे ती नाही, असं समजू नका. केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे.

कोकणात हा प्रश्न अधिक चिवट आहे. हवा दमट, कडक थंडी जवळपास नाहीच, त्यामुळे पिसवांना बारा महिने सुगी. शिवाय कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. अंडी, अळ्या आणि कोष पडवीतल्या गोणपाटात, पेंढ्यात, चिऱ्यांच्या फटींत असतात आणि कोष कित्येक आठवडे तग धरतात. म्हणून गोळी किंवा मानेवरचे थेंब किमान तीन महिने सलग द्या, आणि घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी द्या. मात्र परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका, ते तिच्या जिवावर बेतू शकतं. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा.

तिसरी पायरी: वरचा संसर्ग. कुबट वास, तेलकट केस, काळी जाड कातडी ही बुरशीची लक्षणं. पू भरलेल्या पुटकुळ्या आणि गोल खपल्या दिसल्या तर जंतुसंसर्ग. हे साफ झाल्याशिवाय अ‍ॅलर्जीचं औषध नीट लागू पडत नाही. क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनाझोल असलेला शॅम्पू सुरुवातीला आठवड्यातून दोनदा वापरा. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या यांत चोळून घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. पावसाळ्यात अंग पूर्ण कोरडं करणं आंघोळीइतकंच महत्त्वाचं. पंच्याने टिपून पंख्याखाली बसवा. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने वाळू आणि मीठ काढा.

चौथी पायरी: खाणं. वर्षभर खाज असेल, कान पुन्हा पुन्हा बिघडत असतील, तर अन्नाची परीक्षा घ्या. रक्ततपासणीने अन्नाची अ‍ॅलर्जी खात्रीने कळत नाही. आजवर न खाल्लेलं एकच मांस आणि एकच पिष्टमय पदार्थ आठ आठवडे द्यायचा, हाच भरवशाचा मार्ग. बाहेरच्या लेखांत त्यासाठी मासे सुचवलेले दिसतात. आपल्याकडचा कुत्रा जन्मापासून मासळी-भातावर वाढलेला, त्याला ते चालणार नाही. बोकडाचं मटण कधी चाखलं नसेल तर हाडं काढून, मीठ-मसाला न घालता, उकडलेल्या रताळ्यासोबत द्या. किंवा डॉक्टरांकडून हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं, तयार खाणं घ्या. या काळात बिस्कीट, दूध, अंडं, चवीची गोळी, सगळं बंद. खरी अडचण मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याची. वाळत घातलेली सुकी मासळी आणि शेजारच्या काकूंनी मायेने टाकलेलं बांगड्याचं डोकं यांनी आठ आठवड्यांची मेहनत वाया जाते. वाडीत सगळ्यांना सांगून ठेवा आणि तेवढे दिवस त्याला बांधून फिरवा. खाज कमी झाली की जुनं खाणं पुन्हा द्या. दोन आठवड्यांत ती परतली, तर कारण सापडलं.

पाचवी पायरी: उरते ती हवेतली अ‍ॅलर्जी. धुळीतले सूक्ष्म कीटक, बुरशी, गवताचे पराग. ही बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. इथे प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) किंवा ओक्लासिटिनिब (खाज थांबवणारी गोळी) डॉक्टर ठरवतील तसंच द्या. ओक्लासिटिनिब एक वर्षाखालच्या पिल्लाला देत नाहीत. प्रेडनिसोलोनने तहान, भूक आणि लघवी वाढते, आणि ते मनाने अचानक बंद करू नये. घरातली सर्दीची गोळी तर नकोच, तिच्यातलं पॅरासिटामॉल किंवा स्यूडोएफेड्रिन कुत्र्याला घातक आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खाजेला शून्य ते दहा गुण लिहा. आंघोळ, गोळी आणि पावसाची उघडीपही टिपा. दवाखान्यात जाताना ती पानं सोबत न्या. खाज दरवर्षी कोणत्या महिन्यात चढते ते त्यावरून दिसतं आणि पुढच्या वर्षी त्याच्या पंधरा दिवस आधी उपचार सुरू करता येतात.