रोज दही खाऊनही पोट का कुरकुरतं? आतड्यातल्या जिवाणूंबाबत या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी दाढेत पू झाला. पाच दिवसांचं अँटिबायोटिक सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी पोट ढिलं पडलं. मेडिकलवाल्याने न मागता प्रोबायोटिकच्या कॅप्सूल हातात ठेवल्या. मीही शहाण्यासारखी दोन्ही गोळ्या एकाच घोटात गिळत राहिले, सकाळी आणि रात्री. जिवाणू मारायचं औषध आणि जिवंत जिवाणू एकाच वेळी पोटात ढकलतेय, हे लक्षात आलं तेव्हा कोर्स संपला होता.

पण खरी चूक कॅप्सूलची नव्हतीच. त्या पाच दिवसांत 'पोटाला हलकं' म्हणून मी दहीभात, साबुदाण्याची खिचडी आणि टोस्ट यांवर राहिले होते. आतड्यात जे जिवाणू तग धरून होते, त्यांच्या वाट्याला खायला काहीच आलं नाही. आपल्याकडे बहुतेकांचं हेच होतं. बाहेरून जिवाणू आणून घालायचा उत्साह दांडगा, आत राहणाऱ्यांना मात्र उपास.

आत राहणारे थोडेथोडके नाहीत. २०१६ साली झालेल्या मोजणीनुसार एका माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. आपल्या स्वतःच्या पेशीही जवळपास तितक्याच, म्हणजे 'जिवाणू पेशींच्या दसपट' हे जुनं वाक्य आता सोडून द्यायला हरकत नाही. या सगळ्यांचं वजन मिळून २०० ग्रॅमच्या आसपास, आणि बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात.

चूक पहिली: दह्यावर सगळा भार टाकणं

दह्याची थोरवी सांगणारा पहिला मोठा शास्त्रज्ञ तेव्हाच्या रशियन साम्राज्यात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेला. इल्या मेचनिकॉव्ह. रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी त्याला १९०८ चं नोबेल पारितोषिक मिळालं, आणि बल्गेरियातल्या शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचं श्रेय त्याने त्यांच्या आंबट दुधाला दिलं होतं. कल्पना भारी होती, पण दह्यातले जिवाणू आपल्या आतड्यात बिऱ्हाड करत नाहीत. दोन-चार दिवसांचे पाहुणे, पुढच्या वाटेने निघून जातात. आणि कढी उकळली किंवा इडली वाफवली की ते पाहुणेही उरत नाहीत. कढी चवीसाठी खावी, जिवाणूंसाठी नाही.

म्हणून दही सोडायचं का? मुळीच नाही. प्रथिनं, कॅल्शियम तर आहेतच, शिवाय ज्यांना दूध पचत नाही त्यांनाही दही बऱ्याचदा सोसतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ साली ३६ निरोगी लोकांवर दहा आठवड्यांचा प्रयोग केला. ज्या गटाने आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रक्तातले दाह दाखवणारे अनेक घटक उतरले. तेव्हा ताजं दही, ताक जरूर घ्या. फक्त वाटीभर दही म्हणजे पोटाचा विमा असं समजू नका.

चूक दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: आतल्यांना उपाशी ठेवणं

आपण खातो त्यातली साखर, पिठूळ भाग, तेल, प्रथिनं बहुतांशी लहान आतड्यातच शोषली जातात. मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो तो कोंडा, साल, चोथा, म्हणजे तंतुमय भाग. तो आपल्याला पचवता येत नाही, जिवाणूंना येतो. तो आंबवताना ते काही छोटी आम्लं तयार करतात: अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन. रोगप्रतिकारशक्तीत उगाच भडका उडू नये म्हणून लगाम धरणाऱ्या काही पेशी असतात, त्यांची वाढही ही आम्लं करतात. शिवाय आतड्यातल्या काही पेशींना ती जीएलपी-१ नावाचं हार्मोन सोडायला लावतात. सध्या ज्या वजनाच्या इंजेक्शनांची सगळीकडे चर्चा आहे, ती याच हार्मोनची नक्कल करतात. उसळ खाऊन इंजेक्शनाइतका परिणाम होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण यंत्रणा तीच आहे.

चोथा मिळाला नाही तर काय? उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की उपाशी जिवाणू आतड्याच्या अस्तरावरचा चिकट थर कुरतडायला लागतात. आतली भिंत आणि जिवाणू यांच्यातलं कुंपण तेवढंच असतं. ते पातळ झालं की जंतुसंसर्गाला वाट मिळते.

वजनाच्या बाबतीतही गोष्ट अशीच. २०१३ साली अमेरिकेत जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने अशा जुळ्यांच्या जोड्या निवडल्या, ज्यांतलं एक भावंड लठ्ठ आणि दुसरं सडपातळ होतं. त्यांचे जिवाणू जंतुरहित उंदरांत सोडले. लठ्ठ भावंडाचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी वाढली. दोन्ही उंदीर एकत्र ठेवल्यावर सडपातळांचे जिवाणू दुसऱ्यात शिरले आणि चरबी वाढणं थांबलं, पण कधी? खाणं कमी चरबीचं आणि चोथ्याचं असेल तेव्हाच. तुपकट, भाजीपाल्याविना आहारावर ते रुजलेच नाहीत. कॅप्सूल घेण्याआधी हा प्रयोग आठवावा.

आता आपलं ताट. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम तंतू, पॉलिश केलेल्या तांदळात तीनच्याही आत, आणि अख्ख्या हरभऱ्यात तब्बल २५ च्या घरात. गव्हाची कणीकही मागे नाही, चाळून कोंडा गाईला घातला नाही तर. मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम हवेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भात-वरण-बटाट्याची भाजी या ताटात ते भरत नाहीत. त्यात मटकीची उसळ, पालेभाजी, दाण्याची चटणी, सालीसकट पेरू आले की भरतात. एकच एक गोष्ट ढीगभर खाण्यापेक्षा फिरतं ताट बरं, कारण प्रत्येक जिवाणूची आवड वेगळी.

चूक तिसरी: सोमवारपासून एकदम सगळं

असा लेख वाचून लोक दुसऱ्या दिवशी दोन वाट्या चवळी खातात, पोट नगाऱ्यासारखं होतं आणि 'मला कडधान्य सोसत नाही' असा शेरा मारून मोकळे होतात. जिवाणूंना नवं खाणं अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे द्या. आधी पाव वाटी उसळ, तीही रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून. वायू करणाऱ्या काही शर्करा यातच कमी होतात. हिंग-जिऱ्याची फोडणी आहेच. चोथा वाढवला की पाणीही वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठ आणखी घट्ट होतो. इसबगोल शौचासाठी उत्तम, पण ते जिवाणूंना फारसं आंबवता येत नाही, त्यामुळे तो उसळीला पर्याय नव्हे. ज्यांना आतड्याच्या अतिसंवेदनशीलतेचा जुना त्रास आहे, त्यांनी कांदा, लसूण, कडधान्यांचं प्रमाण आहारतज्ज्ञाला विचारून ठरवावं.

चूक चौथी: अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिकची खिचडी

सर्दी, साधा घसा, बहुतेक फ्लू हे विषाणूंचे उद्योग. त्यावर अँटिबायोटिक घेतलं तर सर्दी तशीच राहते, आतल्या वस्तीची मात्र होरपळ होते. आणि डॉक्टरांनी खरोखर गरज म्हणून दिलं तर मध्येच सोडू नका. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि डॉक्सिसायक्लिन दूध-दह्याबरोबर घेऊ नयेत, कारण कॅल्शियम त्यांना बांधून ठेवतं आणि औषध अंगी लागत नाही. 'गोळी उष्ण पडते' म्हणून वर ताक पिणारे घरोघरी आहेत. दोनेक तासांचं अंतर ठेवा. जिवाणूंची कॅप्सूल असेल तर तिलाही तसंच अंतर.

ती कॅप्सूल मुळात हवी का? इस्रायलच्या वाइझमन संस्थेने २०१८ साली दाखवलं की अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातली मूळची वस्ती परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. याच्या उलट चित्रही आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांवरच्या चाचणीत, पहिल्या आठवड्यात एक ठरावीक जिवाणू आणि त्याचं खाद्य दिल्यावर रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. २०१७ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे कोणता जिवाणू, कुणाला, कशासाठी, यावर सगळं ठरतं. पाकिटावर नुसतं 'अब्जावधी जिवाणू' लिहिलेलं असेल तर ते या तिन्हींचं उत्तर नाही.

छोट्या दोन चुका

तान्ह्या बाळाला मध चाटवणं. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की बाळाला त्या पचत नाहीत, त्या खास बाळाच्या जिवाणूंसाठीच असतात. सहा महिने तेच पुरे. मधाने वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझमसारखा घातक आजार होऊ शकतो, आजी कितीही रागावली तरी.

दुसरी, शौचाची महागडी 'मायक्रोबायोम' (म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंची) तपासणी करून अहवालातल्या लाल-हिरव्या रंगांवरून आहार बदलणं. धान्य-भाज्यांवर पोसलेल्या भारतीय आतड्यात प्रेव्होटेला गटाचे जिवाणू जास्त आढळतात. पाश्चात्त्य माणसाच्या मापाने मोजलं तर आपलं चांगलं पोटही बिघडलेलं दिसेल.

आणि काही वेळा दोष जिवाणूंवर ढकलून घरी बसायचं नसतं. शौचातून रक्त, न ठरवता वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, कमी होत चाललेलं हिमोग्लोबिन, किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय: यातलं काहीही असेल तर दही-ताक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. मधुमेहाची मेटफॉर्मिन सुरू केल्यावर पोट फुगत असेल तरी ती आपल्या मनाने बंद करू नका. जेवणाबरोबर घेऊन किंवा सावकाश विरघळणारी गोळी बदलून घेऊन बऱ्याच जणांचं ते थांबतं.