कॅप अँड बॉल रिव्हॉल्व्हर भरताना या चुका टाळा

कॅप अँड बॉल म्हणजे काडतूस नसलेली जुन्या पद्धतीची रिव्हॉल्व्हर, सिलिंडरच्या प्रत्येक चेंबरमध्ये (कप्प्यात) पावडर आणि गोळी हाताने भरायची आणि मागे ठिणगी देणारी छोटी कॅप बसवायची. इथे टेक्सासमध्ये नेमबाजीच्या रेंजवर मी १८५८ ची रेमिंग्टन आणि १८५१ ची कोल्ट नेव्ही अशा दोन इटालियन रेप्लिका वापरतो. नवीन लोक तक्रार करतात की बार उडत नाही, सिलिंडर अडकतो, माल खराब निघाला. बहुतेक वेळा माल चांगलाच असतो, चूक भरताना झालेली असते.

सगळ्यात आधी पावडर. फक्त ब्लॅक पावडर किंवा ज्या डब्यावर तिचा पर्याय म्हणून स्पष्ट लिहिलंय तीच. आजच्या काडतुसातली स्मोकलेस चिमूटभरसुद्धा नाही, तिचं प्रेशर या सिलिंडरला झेपत नाही, तो फुटतो आणि हात जातो.

पहिलाच बार फुसका गेला की समजा तेल राहिलंय. चेंबर आणि निपल (चेंबरमागची पोकळ खुंटी, जिच्यावर कॅप बसते) कोरडे पुसा आणि भरायच्या आधी रिकाम्या सिलिंडरवर सहाही कॅप उडवा, नळी रेंजकडेच ठेवून गवताच्या पात्याजवळ धरा, पातं हललं तर वाट मोकळी, नाही हललं तर त्या निपलमध्ये अजून कचरा आहे.

आता गोळी, आणि इथे मी जरा जास्तच बोलणार. पॉइंट ४४ कॅलिबरच्या (नळीच्या मापाच्या) रिव्हॉल्व्हरला ०.४५१ किंवा ०.४५४ इंचाची, पॉइंट ३६ च्या नेव्हीला ०.३७५ ची, आणि मऊ शुद्ध शिशाचीच. चेंबरपेक्षा गोळी किंचित मोठी असते ती मुद्दामच, नळीखालची लिव्हर दाबून गोळी आत ढकलली की कडेने शिशाची बारीक अंगठी सोलून निघते, केसासारखी पातळ, चकचकीत. ती अंगठी पूर्ण गोल निघाली पाहिजे. नाही निघाली म्हणजे गोळी सैल, मग एक तर धक्क्याने पुढे सरकून सिलिंडर अडवते किंवा शेजारच्या चेंबरमध्ये आग शिरून दोन-तीन बार एकदम उडतात, त्याला चेन फायर म्हणतात. म्हणून बोटं कधीही सिलिंडरच्या पुढे नकोत आणि चष्मा हवाच. मी आधी गोळीवर ग्रीस थापायचो पण इथल्या उन्हात ते वितळून हातावर यायचं, आता पावडर आणि गोळीच्या मध्ये ग्रीस मुरवलेली फेल्टची चकती घालतो.

पावडर मापानेच घ्या, फ्लास्कमधून (पावडरच्या डब्यातून) थेट चेंबरमध्ये ओतू नका, आत एखादी ठिणगी धुमसत असली तर अख्खा फ्लास्क हातात फुटेल. स्टीलच्या पॉइंट ४४ ला २० ते २५ ग्रेन (पावडरचं छोटं माप) पुरतात, पितळी फ्रेमला त्याहून कमी. गोळी पावडरवर घट्ट टेकली पाहिजे, मध्ये पोकळी अजिबात नको. पावडर कमी घातली तर वर गव्हाचा रवा भरा, हो आपला शिऱ्याचाच, इथले लोकसुद्धा तेच करतात.

कॅप सगळ्यात शेवटी, फायरिंग लाइनवर, नळी टार्गेटकडे. १० नंबर बसते की ११ ते निपल ठरवतो, सैल कॅप गळून पडते आणि तिथूनही आग शिरू शकते. दाबायला लाकडी काडी वापरा, अंगठा नको. सहाऐवजी पाचच भरा, हॅमर (कॅपवर आपटणारा घोडा) रिकाम्या चेंबरवर. कोल्टमध्ये फुटलेल्या कॅपचे तुकडे हॅमरखाली पडून सगळं जाम होतं, म्हणून कॉक करताना, म्हणजे हॅमर मागे ओढताना, नळी थोडी वर उचला, पण दिशा टार्गेटचीच.

बार उडाला नाही तर लगेच नळीत डोकावू नका!! एक मिनिट तशीच टार्गेटकडे धरा, मग नवी कॅप लावा. आणि कोल्टच्या गोळ्या २५ यार्डावर वर लागतात ते नेहमीचंच, खाली नेम धरा.

साफसफाई त्याच दिवशी करा, काजळी हवेतलं पाणी ओढते आणि गंज चढतो. गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरतो, पाणी काळं होतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, येऊ दे. नीट वाळवा आणि निपलच्या आट्यांना थोडं ग्रीस लावूनच परत बसवा, नाहीतर पुढच्या वेळी पान्याने पण हलत नाहीत.