‘म्हणे’ गळून पडण्याआधी : परदेशात बेपत्ता होऊन मृत्यू पावलेल्या मुलाविषयी बोलताना काय करावे

लातूर, नांदेड, बीड किंवा जालन्याची मुले आता केवळ वैद्यकीय शिक्षणासाठी परदेशी जातात असे राहिलेले नाही. परीक्षा संपल्यावर आठ दिवस थायलंडला किंवा बालीला जाऊन येणे मराठवाड्यातील अनेक घरांच्या आवाक्यात आले आहे. अशा सहलीत सतरा-अठरा वर्षांचा एखादा मुलगा बेपत्ता होतो, काही दिवस शोध चालतो आणि शेवटी त्याचा मृतदेह सापडतो, तेव्हा त्याच्या आईवडिलांवर मुलगा गेल्याच्या दुःखाबरोबर गावाच्या आणि समाजमाध्यमांच्या तर्कवितर्कांचाही भार पडतो. पहिले दुःख कोणालाच टाळता येत नाही, दुसरे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हातात असते. ते कसे आवरावे, हे नातेवाईक, शेजारी, व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन, शिक्षक आणि तालुक्याचे बातमीदार यांच्यासाठी येथे लिहिले आहे.

सुरुवात भाषेपासून करावी. मराठीत ‘म्हणे’ हा लहानसा शब्द फार मोलाचा आहे. ‘तो रात्री एकटाच बाहेर पडला म्हणे’ असे सांगणारा माणूस हे आपण पाहिलेले नसून ऐकलेले आहे, अशी कबुली त्याच वाक्यात देऊन टाकतो. तिसऱ्या माणसाच्या तोंडी हेच वाक्य ‘तो रात्री एकटाच बाहेर पडला’ असे होते आणि पाचव्याच्या तोंडी ‘त्याला रात्री कोणीतरी बाहेर बोलावून घेतले’ असे होते. म्हणून ऐकलेली गोष्ट पुढे सांगावीच लागली, तर तिच्यातला ‘म्हणे’ गाळू नये, आणि जिथे तो गळाला आहे असे वाटेल तिथे ‘तुम्हाला हे कोणी सांगितले?’ एवढे शांतपणे विचारावे. तालुक्याच्या गावी बातमीदारी करत असताना तलावात बुडालेल्या एका मुलाच्या बातमीत मी एका माणसाच्या सांगण्यावरून ‘घातपाताचा संशय’ असे लिहिले होते. महिनाभराने मुलाचे वडील ते कात्रण घेऊन माझ्याकडे आले आणि त्यांनी एकच विचारले, ‘साहेब, संशय कोणाला होता?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही ते कात्रण माझ्या कपाटात आहे.

हे तर्क किती दूर जाऊ शकतात, हे समजण्यासाठी स्पेनच्या टेनेरिफे बेटावरील एक घटना पाहण्यासारखी आहे. सुट्टीसाठी तिथे गेलेला एकोणीस वर्षांचा एक ब्रिटिश तरुण १७ जून २०२४ रोजी बेपत्ता झाला. फोनची बॅटरी संपत आली आहे, तहान लागली आहे आणि आपण चालत परत निघालो आहोत, असे त्याने शेवटच्या फोनवर मैत्रिणीला सांगितले होते. १५ जुलैला मास्का गावाजवळच्या दुर्गम दरीत मृतदेह सापडला आणि बोटांच्या ठशांवरून ओळख पटली. मधल्या चार आठवड्यांत जगभरच्या अनोळखी लोकांनी अमली पदार्थांच्या टोळ्यांपासून त्याच्या सोबत्यांपर्यंत अनेकांना दोषी ठरवून टाकले, आणि काही जण तर चित्रफिती काढण्यासाठी थेट बेटावर जाऊन पोहोचले. इंग्लंडमध्ये मृत्यूच्या कारणाची न्यायालयीन चौकशी जुलै २०२५ मध्ये पूर्ण झाली आणि तिचा निष्कर्ष उंचावरून पडल्याने झालेला अपघाती मृत्यू असा होता. पोकळी होती वर्षभराची. तर्कांनी ती पहिल्या काही दिवसांतच भरून टाकली होती.

आपल्याकडे अशी वेळ आली, तर घरच्यांनी पहिल्याच दिवशी बोलणारा माणूस एक ठरवावा. तो आई किंवा वडील असू नये. मामा, चुलते किंवा मोठा चुलतभाऊ यांपैकी जो धीराचा आहे आणि हिंदी-इंग्रजीत फोनवर नीट बोलू शकतो, त्याच्याकडे हे काम द्यावे. त्या देशातील भारतीय दूतावास, परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ, स्थानिक पोलीस ठाणे आणि वार्ताहर या सर्वांशी त्यानेच बोलावे. परकीय नागरिकाचा मृत्यू झाल्यास त्याच्या देशाच्या वकिलातीला विनाविलंब कळवण्याचे बंधन १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार त्या देशावर असते. त्यामुळे खात्रीची बातमी याच वाटेने येते, सहलीतल्या कोणाच्या तरी मित्राच्या स्टेटसवरून नव्हे. या माणसाने ठरलेल्या वेळी, दिवसातून एकदा, लहानसा संदेश द्यावा आणि त्यात माहिती कोणाकडून आली ते लिहावे. उदाहरणार्थ : ‘आज सायंकाळी पाच वाजता दूतावासातील अधिकाऱ्यांशी बोलणे झाले. मृतदेहाची ओळख पटवण्याचे काम सुरू आहे. मृत्यूचे कारण अद्याप कळवलेले नाही. पुढील माहिती उद्या याच वेळी देऊ.’ सांगण्यासारखे काही नसेल, तरीही ‘आज नवीन माहिती नाही’ असा संदेश जावा, कारण गावात अफवा उठते ती बहुधा घर गप्प झाल्याच्या दिवशी.

घड्याळाच्या वेळांविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण अनेक ‘गूढ’ गोष्टींचे मूळ तिथेच असते. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, बालीचे अडीच तास पुढे. व्हॉट्सॲपवरील ‘लास्ट सीन’ मात्र पाहणाऱ्याच्या फोनच्या घड्याळाप्रमाणे दिसते. समजा, नांदेडला आईच्या फोनवर मुलाचे शेवटचे दिसणे रात्री १२.४० चे आहे आणि बँकॉकच्या हॉटेलच्या कॅमेऱ्यात तो १.५५ ला बाहेर पडताना दिसतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की लगेच प्रश्न निघतो, ‘मधला सव्वा तास फोन कोणाच्या हातात होता?’ प्रत्यक्षात नांदेडचे १२.४० म्हणजे बँकॉकचे २.१०, म्हणजेच मुलाने बाहेर पडल्यावर पंधरा मिनिटांनी फोन पाहिला होता. प्रत्येक वेळेपुढे ‘तिथली’ की ‘इथली’ हे लिहिण्याची शिस्त घरच्यांनी पहिल्या दिवसापासून पाळावी. मोबाइल टॉवरवरून मिळालेले शेवटचे ठिकाण हाही असाच फसवा पुरावा ठरू शकतो. फोन कोणत्या टॉवरच्या टप्प्यात होता एवढेच त्यावरून कळते, आणि मोकळ्या किंवा डोंगराळ भागात तो टप्पा काही किलोमीटरचा असू शकतो. फोन बंद लागणे म्हणजे कोणीतरी तो बंद केला, असेही नाही.

सरकारी कागदांतील शब्द लोक आपल्या अर्थाने वाचतात, आणि माझ्या मते सर्वांत जास्त अन्याय येथेच होतो. हरवलेला मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशांनंतर आपल्याकडे पोलीस अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम १३७ आहे. त्या नोंदीचा अर्थ कोणी पळवून नेले असा पुरावा मिळाला, असा होत नाही. तपास तातडीने व्हावा यासाठी ती पद्धत आहे. ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ म्हणजे पोलिसांनी प्रकरण मिटवले असे नव्हे, तर मृत्यू अनैसर्गिक असल्याने त्याची चौकशी सुरू झाली असे. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ या वाक्यावरून विषप्रयोगाची चर्चा सुरू होते. खरे म्हणजे शवविच्छेदनातून कारण लगेच स्पष्ट होत नसेल किंवा एखादी शक्यता तपासून वगळायची असेल, तर अवयवांचे नमुने तपासणीसाठी ठेवतात, आणि प्रयोगशाळेच्या अहवालाला अनेक आठवडे लागू शकतात. वैद्यकीय कारण आणि मृत्यूचा प्रकार या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत. ‘डोक्याला जबर मार’ हे कारण झाले. तो मार पडल्याने बसला, वाहनाने बसला की कोणी मारला, हे एकट्या डॉक्टरांच्या कागदावरून नेहमी ठरत नाही. उशिरा सापडलेल्या मृतदेहात मद्याचा अंश आढळला, तरी मुलगा प्यायलेला होता असे म्हणण्याची घाई करू नये, कारण कुजण्याच्या प्रक्रियेतही शरीरात अल्कोहोल तयार होऊ शकते.

परदेशातील तपास त्या देशाचे पोलीस करतात. आपल्या ठाण्याचा फौजदार तिथे जाऊन जबाब घेऊ शकत नाही, आणि परदेशी भाषेतील कागदांचे भाषांतर होऊन येण्यातही दिवस जातात. ‘इथल्या पोलिसांनी काहीच केले नाही’ असे म्हणण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे. मृतदेह येण्यास उशीर लागतो तेव्हाही हेच घडते. मृत्यूचे प्रमाणपत्र, एम्बामिंगचे (मृतदेह टिकवण्यासाठीच्या रासायनिक प्रक्रियेचे) प्रमाणपत्र, तिथल्या पोलिसांचे ना-हरकत पत्र आणि रद्द केलेला पासपोर्ट एवढे सारे जमल्याशिवाय शवपेटी विमानात चढत नाही. भारतातील विमानतळावरची आरोग्यविषयक परवानगी २०२३ पासून ‘ई-केअर’ या संकेतस्थळावरून घ्यावी लागते, आणि त्यानंतर मुंबई किंवा हैदराबादहून रुग्णवाहिकेने गावापर्यंतचा प्रवास असतो. या दिरंगाईत लपवाछपवी शोधू नये.

मृतदेह घरी आल्यावर एक अफवा हमखास उठते, ती म्हणजे अवयव काढून घेतल्याची. शवविच्छेदनात छाती, पोट आणि कवटी उघडून तपासतात आणि मग टाके घालतात. एम्बामिंगमुळे कातडीचा रंगही बदलतो. अंघोळ घालताना हे टाके पाहणाऱ्या माणसाला धक्का बसणे स्वाभाविक आहे. म्हणून शवपेटी उघडण्याआधीच कुटुंबाच्या ओळखीच्या एखाद्या डॉक्टरांना बोलावून घ्यावे आणि जवळच्या चार माणसांना काय दिसेल ते त्यांच्याकडून सांगून घ्यावे. तरीही शंका उरली, तर अंत्यसंस्कारापूर्वीच ती पोलिसांकडे लेखी द्यावी, कारण दुसऱ्या तपासणीची मागणी त्याच वेळी करता येते, तेराव्यानंतर नाही.

सहलीतील सोबती हे तर्कांचे पहिले लक्ष्य असतात. तीही त्याच वर्गातली, त्याच गल्लीतली मुले असतात, त्यांनीही मित्र गमावलेला असतो आणि परक्या देशात पोलिसांच्या प्रश्नांना तोंड दिलेले असते. त्यांची नावे, छायाचित्रे किंवा इन्स्टाग्रामवरील जुने फोटो ‘हेच ते’ म्हणून पसरवणे हा कायद्याने बदनामीचा गुन्हा ठरू शकतो, न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली. कोणाकडे खरोखर काही माहिती असेल, म्हणजे त्या रात्रीचा संदेश, फोटो किंवा व्हॉइस नोट, तर ती मूळ स्वरूपात जपावी आणि बोलण्यासाठी नेमलेल्या नातेवाइकामार्फत दूतावास किंवा पोलिसांना द्यावी. फॉरवर्ड केलेल्या आणि कापलेल्या प्रतीचे तपासात मोल कमी होते. शिक्षकांनी सोबत्यांच्या घरीही जाऊन यावे, आणि तिथे त्यांनी ‘नेमके काय झाले?’ हा प्रश्न विचारू नये.

ग्रुपच्या ॲडमिनचे काम अप्रिय असले तरी सोपे आहे. पहिल्या दिवशीच ‘केवळ ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ अशी व्यवस्था करावी, घरच्यांचा अधिकृत संदेश तेवढा द्यावा आणि दुसऱ्या कोणाचे तर्क आलेच, तर ते सर्वांसाठी पुसून टाकावेत. मृतदेहाचे फोटो कोणत्याही कारणाने ठेवू नयेत. लैंगिक अत्याचाराची शक्यता व्यक्त होत असेल, तर मृत मुलीची किंवा मुलाची ओळख पटेल असा मजकूर टाकण्यास कायद्यानेच मनाई आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले, आणि त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ती मर्यादा आल्यावरही पाच जणांना पाठवण्याचा निर्णय आपल्याच बोटाचा असतो.

पैशांचे आवाहन आले, तर क्यूआर कोड स्कॅन करण्यापूर्वी खात्यावरील नाव घरच्यांकडून तपासून घ्यावे. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे.

भेटायला जाणाऱ्यांसाठी एवढेच. मृतदेह यायचा असतो तेव्हा घरात चूल पेटलेली नसते, आणि राख सावडण्याचा दिवसही ठरलेला नसतो. अशा घरी भाकरी-पिठले घेऊन जावे, फोनला चार्जर लावून द्यावा, दारात बसून आलेल्यांना पाणी द्यावे. ‘तो तसा होता का?’, ‘कोणाशी वैर होते का?’, ‘मुलीचे काही होते का?’ हे प्रश्न सहानुभूतीच्या आवाजात विचारले तरी आईच्या कानावर आरोप म्हणूनच पडतात.

बातमीदारांनी मथळ्यात ‘गूढ’ हा शब्द टाळावा. चौकशी चालू असेल तर ‘कारण अद्याप स्पष्ट नाही’ असे लिहावे. आत्महत्येची शक्यता असल्यास पद्धतीचे वर्णन करू नये. प्रेस कौन्सिलची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे तेच सांगतात. अशा बातमीखाली १४४१६ हा ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक द्यावा, कारण ती वाचणाऱ्यांत त्याच वयाची मुले असतात.

अंतिम अहवाल येईल तेव्हा कदाचित वर्ष उलटलेले असेल आणि गावाचे लक्ष दुसरीकडे असेल. घरच्यांची संमती घेऊन त्याचा निष्कर्ष दोन ओळींत, ज्या ग्रुपवर आणि ज्या वृत्तपत्रात आधीचे तर्क आले होते, तिथेच द्यावा. ज्याने एखाद्या सोबत्याचे नाव घेतले होते, त्याने त्या मुलाच्या घरी स्वतः जाऊन, त्याच्या आईवडिलांसमोर, आपण चुकीचे बोललो असे सांगावे.